तुरुंगातल्या योहानाला पाठवलेला निरोप

कोर्लई,
९ डिसेंबर २०२५

प्रिय आई आणि पप्पा,

सप्रेम जय ख्रिस्त.

पप्पा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "नाताळ तोंडावर आला, पण यंदाचा आगमनकाळ नुसता खाटेवर चाललाय. माझ्या हातून आता काही होत नाही. देवाला माझा काय उपयोग?" आईने पटकन फोन घेतला आणि वाडीतल्या केळींचं सांगू लागली. तेव्हापासून तुमचं ते वाक्य मनातून जात नाही. अशा गोष्टी मला फोनवर नीट बोलता येत नाहीत, म्हणून लिहायला बसले.

येत्या रविवारचं शुभवर्तमान आधीच वाचून ठेवलंय. मत्तयचा अकरावा अध्याय. येशूच्या आधी येऊन त्याची वाट तयार करणारा संदेष्टा, योहान बाप्तिस्ता, तुरुंगात आहे. रानात राहिलेला, राजालाही तोंडावर सुनावणारा माणूस, आणि आता चार भिंतींच्या आत. तिथून तो शिष्यांना येशूकडे पाठवतो आणि विचारतो, जो येणार तो तूच ना, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहायची? ज्याने लोकांना बोट दाखवून सांगितलं की हाच तो, त्यालाच हा प्रश्न पडावा!

येशू त्याच्यावर रागावत नाही. त्याला सोडवायलाही जात नाही, आणि खरं सांगते, हे वाचताना मला दरवेळी जड जातं. तो फक्त निरोप देतो: तुम्ही जे ऐकता आणि पाहता ते जाऊन योहानाला सांगा. आंधळे बघताहेत, लंगडे चालताहेत, गरिबांना सुवार्ता ऐकायला मिळतेय. म्हणजे तू सुरू केलेलं काम थांबलेलं नाही. शिष्य निघून गेल्यावर तो लोकांना म्हणतो, की स्त्रियांच्या पोटी जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही. पप्पा, हे तो कधी बोलला बघा. नदीवर योहानाभोवती गर्दी लोटत होती तेव्हाचं हे बोलणं नाही. योहान कोठडीत पडलेला असताना, त्याच्या हातून काही म्हणता काही होत नसताना बोललाय.

तेव्हा मीही तुम्हाला तसाच निरोप पाठवतेय, इथे जे पाहते-ऐकते त्याचा.

सध्या बोंबील भरपूर आहे. पहाटे बोट लागली की सासूबाई आणि शेजारणी त्यांच्या कोर्लईच्या बोलीत बोलत बोलत दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून सुकायला वलांडीवर टाकत जातात. मला अजून त्यांच्यासारखा हात चालवता येत नाही, माझे निम्मे खाली पडतात. अशा ऐन कामाच्या दिवसांत आमच्या एका खलाशाचा हात दोरात अडकला. परमुलखातला पोरगा, इथे त्याचं कोणी नाही. जखम भरेपर्यंत आमच्याच पडवीत राहतोय. समुद्रावर न गेलेल्या दिवसांचा वाटा त्याला द्यायचा का, यावरून घरात बोलाचाली झाली. डिझेल, बर्फ, जाळ्याची दुरुस्ती, सगळे खर्च डोक्यावर आहेत, त्यामुळे ह्यांचंही अगदीच चुकीचं नव्हतं.

तेव्हा मी तुमची गोष्ट सांगितली. आगमनकाळात पापनिवेदनाला जाण्याआधी तुम्ही वाडीतल्या गड्यांचा हिशेब पुरा करायचात. पडवीत पाटावर बसून, वहीतल्या एकेका नावावर बोट ठेवत, पैसे दोनदा मोजून. पावसाने काम बुडालं त्या दिवसांचेसुद्धा. आई चहा आणायची तो आधी गड्यांना, मग तुम्हाला. "ह्यांचे पैसे अडकवून फादरांपुढे कुठल्या तोंडाने गुडघे टेकू?" असं तुम्ही म्हणायचात. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. शनिवारी त्या पोराच्या हातात पूर्ण वाटा ठेवला.

आता सांगा, हे कोणाच्या हातून झालं?

लोकांनी योहानाला विचारलं होतं, आम्ही काय करावं? त्याने कोणालाच रानात येऊन राहा असं सांगितलं नाही. दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला द्या. जकातदारांना म्हणाला, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. तुमची ती वही मला नेहमी ह्याच ओळीतली वाटते. आणि पप्पा, तुम्हाला असली माहिती आवडते म्हणून सांगते: चर्चमध्ये आपण आगमनकाळात ज्या चार मेणबत्त्या लावतो, ती प्रथा जर्मनीतल्या हॅम्बुर्गची. योहान विखर्न नावाच्या एका लुथरन पाळकांनी १८३९ मध्ये गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण नाताळ कधी येणार म्हणून मुलं सारखी विचारायची. निराधार पोरांना सांभाळता सांभाळता सुरू झालेली गोष्ट आहे ती.

एका बाबतीत मात्र मला तुमच्याशी भांडायचंय. फादर घरी ख्रिस्तशरीर, म्हणजे चर्चमधल्या मिस्सेतली पवित्र भाकर, घेऊन यायला तयार असताना तुम्ही नको म्हणता, खाटेवर बसून घेणं बरं दिसत नाही म्हणून. बेथलेहेमात त्याला उतारशाळेत जागा मिळाली नाही, तेव्हा गव्हाण चालली. तुमची खाट त्याला का चालणार नाही? आई रोज धुतलेली चादर घालते तिच्यावर. चर्चचं ज्युबिली वर्ष, म्हणजे विशेष कृपेचं वर्ष, ६ जानेवारीला संपतंय, आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना ज्युबिलीची कृपा घरूनच मिळण्याची सोय पोप फ्रान्सिस यांच्या काळातच केलेली आहे. या आठवड्यात फादरांना हो म्हणा.

आई, पप्पांचं करता करता तुझी मिस्सा चुकते म्हणून तू हळहळतेस. तू त्यांचे पाय चोळतेस ना, ती उपासनाच समज. यंदा नाताळच्या फराळाचे कुलकुल एकटीने करत बसू नकोस. आम्ही २२ तारखेला मांडव्याहून रो-रो बोटीने निघतो, आल्यावर सगळे मिळून वळू. आकाशकंदील लावायला स्टुलावर चढायचं नाही, तो ह्यांच्यासाठी ठेव. सुके बोंबील घेऊन येते.

आणि पप्पा, एक काम आहे, तेवढं नाही म्हणू नका. त्या पोराची बोटं अजून नीट वळत नाहीत, आणि रात्री तो घरच्यांच्या आठवणीने जागाच असतो. रोज संध्याकाळी रोझरीच्या माळेतलं दहा मण्यांचं एक दशक त्याच्यासाठी म्हणाल? मी त्याला सांगितलंय की वसईला माझे पप्पा तुझ्यासाठी प्रार्थना करतात. तुमचं नाव काय, असं त्याने विचारून घेतलं.

तुमची लेक