तिकिटावरचे साडेअकरा तास

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर हिशेब मांडला: पहाटे पावणेचारला नागपूर सोडायचं, त्याच दिवशी दुपारी सव्वातीनला न्यूयॉर्क, म्हणजे साडेअकरा तास. तिकिटावर मात्र ज्या त्या गावाची वेळ तिथल्याच घड्याळाची असते. एप्रिलात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तुम्ही उतराल तेव्हा आपल्या घरच्या घड्याळात रात्रीचा पाऊण वाजलेला असेल, तारीख उलटलेली. प्रवास पुरा 21 तासांचा आहे: कतारमधल्या दोह्यापर्यंत साडेचार, तिथे थांबा अडीच, पुढे 14.

हातातलं घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवा. शुगरच्या गोळ्या किती तासांनी नि कोणत्या जेवणासोबत घ्यायच्या, ते हे 21 तास दाखवून यवतमाळच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोळ्या हातातल्या पिशवीतच हव्यात, मोठ्या बॅगा थेट न्यूयॉर्कलाच मिळतात. दोह्याला मात्र जपा. तिथल्या बोर्डावरची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. सव्वाआठचं विमान म्हणजे तुमच्या घड्याळात पावणेअकरा. आणि विमानात चढायचं दार विमान सुटायच्या बरंच आधी बंद होतं, म्हणून व्हीलचेअरवाल्यासोबत आधी दारापाशी जा, चहा मग.

आई, तू विचारलंस, मुंबईहून जवळ पडलं नसतं का? शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर गोधडीचा दोरा नागपूर ते न्यूयॉर्क ताणून बघ. सपाट नकाशात वाटतं तसा तो अरबस्तानावरून जात नाही. काश्मीरकडे वर चढतो, रशियावरून पार 69 अंश उत्तरेला, बर्फाच्या मुलखात जातो नि तिथून खाली उतरतो. वाट उत्तरेची असल्यानं नागपूरहून सरळ अंतर सुमारे 12,600 किलोमीटर, मुंबईहून 12,530. फरक नाहीच म्हण. दोह्याच्या वळशानं ते साडेतेरा हजारांच्या वर जातं, पण बॅगा घेऊन मुंबईला विमान बदलायचा त्रास वाचतो.

24 मेला परतताना न्यूयॉर्क ते दोहा साडेबारा तासच लागतील. पृथ्वी फिरते म्हणून नव्हे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा वाहतो, तो येताना समोरून लागतो, जाताना पाठीशी असतो. मृगाआधी वावरात पोचाल, बाबा.

14 तास एका जागी बसू नका, पायाला सूज येते. दर दोन तासांनी उठून चालायचं, पाणी पीत राहायचं.

सर्वात जास्त चूक तारखेची होते. तिकिटावर 12 एप्रिल, पहाटे 3:45 आहे, म्हणजे घर सोडायचं 11 तारखेच्या संध्याकाळी. विमानतळावर तीन तास आधी, पाऊण वाजता पोचायला हवं. आर्णी, यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी हे 190 किलोमीटर रात्रीचे साडेचार तास धरा, नि पंक्चरसाठी अर्धा तास वर. साडेसातला निघा. गाडीवाल्याला 11 तारीखच सांगा, 12 नाही.

तुमची,
लेक