लायब्ररीवाल्या काकांस जाहीर पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आपल्या टेबलापाशी उभे राहून मी आभार मानायला लागलो, तेव्हा आपण "पुस्तक आवडलं ना, मग झालं" असे म्हणून पुढच्या सभासदाचे कार्ड हातात घेतलेत. माझे बोलणे तिथेच राहिले, म्हणून हे जाहीर पत्र. असले काही आपल्याला आवडणार नाही याची मला कल्पना आहे. तरीही ते पुस्तक परत करून आल्यापासून मन अजून थाऱ्यावर नाही आणि लिहिल्यावाचून राहवत नाही.

'स्टार वॉर्स' या अंतराळातल्या लढायांच्या हॉलिवूड चित्रपटमालिकेचे वेड असलेल्या माझ्या वयाच्या माणसांची अडचण आपल्याला सांगायला नको, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडे सांगतो. 1983 साली 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये सम्राट मेला, त्याचा हस्तक डार्थ वेडरने आपल्या मुलासमोर, म्हणजे नायक लूक स्कायवॉकरसमोर, प्राण सोडले, एन्डोरच्या जंगलात जल्लोष झाला आणि पडदा पडला. त्यानंतर 1999पर्यंत मुख्य मालिकेतला एकही नवा चित्रपट आला नाही. त्या पोकळीत 1991 साली टिमथी झान यांची 'एअर टू द एम्पायर' ही कादंबरी आली, पुढच्या दोन वर्षांत तिचे उरलेले दोन भाग आले, आणि जल्लोषानंतर पाच वर्षांनी त्या माणसांचे काय चालले आहे हे कळले. लूकची बहीण लेया हिला जुळे होणार आहे, साम्राज्य पाडण्यापेक्षा नवे सरकार चालवणे अधिक कटकटीचे ठरते आहे, आणि उरल्यासुरल्या साम्राज्याची सूत्रे थ्रॉन नावाच्या निळ्या कातडीच्या, लाल डोळ्यांच्या सेनापतीकडे आहेत, जो एखाद्या जमातीवर चालून जाण्याआधी तिची चित्रे आणि शिल्पे अभ्यासतो. लूकच्या जिवावर उठलेली आणि पुढे त्याचीच बायको झालेली मारा जेड याच पुस्तकांत पहिल्यांदा भेटते. राजधानीच्या ग्रहाचे कोरुसंट हे नावदेखील झान यांच्या कादंबरीतून 1999च्या चित्रपटात गेले. कादंबऱ्या नुसत्या चित्रपटांच्या उष्ट्यावर जगत होत्या असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

सगळेच सोने होते असे मात्र मी म्हणणार नाही. चित्रपटांतल्या डेथ स्टार या ग्रह उडवणाऱ्या महाशस्त्राच्या पुढे काय, या विवंचनेत पडलेल्या लेखकांनी दर थोड्या काळाने नवे महाशस्त्र काढले. 1994च्या तीन कादंबऱ्यांत तर एक चिमुकले यान चक्क तारे फोडत फिरते आणि त्याला काही म्हणून होत नाही. असली पुस्तके मी निमूटपणे वाचली, कारण त्यांतही लेया आणि तिचा नवरा हान सोलो एकमेकांशी भांडत होते आणि तेवढे मला पुरत होते.

मग 25 एप्रिल 2014 रोजी हे चित्रपट काढणाऱ्या ल्युकासफिल्म कंपनीने जाहीर केले की ही सारी पुस्तके यापुढे 'लेजंड्स' म्हणजे दंतकथा या शिक्क्याखाली निघतील आणि नवे चित्रपट त्यांना बांधील राहणार नाहीत. व्यवहार म्हणून ते पटण्यासारखे होते, कारण इतक्या पुस्तकांचे ओझे डोक्यावर घेऊन कोणता दिग्दर्शक नवी गोष्ट सांगेल? पण त्या दिवसापासून ही पुस्तके मागणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने पाहू लागले, ती काही पटण्यासारखी नव्हती. एका मोठ्या, वातानुकूलित दुकानातल्या विक्रेत्याने संगणकावरची नजर न काढता "ती जुनी स्टोरी कॅन्सल झाली, सर" असे मला सांगितले. एका ऑनलाइन विक्रेत्याने कादंबरीऐवजी लहान मुलांचे रंगवायचे पुस्तक पाठवले, आणि माझ्या तक्रारीला उत्तर काय आले, तर खरेदीचा अनुभव कसा वाटला हे कळवण्याची विनंती. मित्रमंडळींपैकी जाणकारांनी तर जे घडलेच नाही ते वाचायचे कशाला, असा प्रश्न टाकला; जणू काही लूक स्कायवॉकर चित्रपटात खरोखरच घडला होता.

आपण कारण विचारले नाहीत. मागच्या कपाटातून खाकी कव्हरे घातलेली पुस्तके काढून माझ्यापुढे ठेवलीत. प्रत्येकाच्या पाठीवर शाईने आकडा होता, आणि तो पुस्तक निघाल्याच्या सालाप्रमाणे नसून कथेतल्या काळाप्रमाणे टाकलेला होता. लेखक वेगवेगळे, प्रकाशनाचा क्रम उलटसुलट, त्यामुळे हा क्रम लावायला माणसाने आधी ती सगळी वाचलेली असावी लागतात. ज्या कपाटाकडे फारसे कोणी फिरकत नाही, त्यासाठी आपण हा उपद्व्याप केला होता.

पण हे पत्र त्या आकड्यांसाठी नाही, त्या चिठ्ठीसाठी आहे. आर. ए. साल्व्हातोर यांची 1999ची 'व्हेक्टर प्राइम' मी नेली, तेव्हा तिच्यात पुढे काय आहे हे मला माहीत नव्हते. शेवटाकडे जाताना पानांत दिनदर्शिकेच्या कागदाचा एक तुकडा निघाला. त्याच्या कोऱ्या बाजूवर आपल्या तिरप्या अक्षरात लिहिले होते : "इथून पुढे घाई करू नये. पुस्तक उशिरा आणलेत तरी दंड नाही." त्यापुढच्या पानांत सर्नपिडल ग्रहावर त्याचाच चंद्र कोसळू लागतो, हान सोलोचा जुना केसाळ साथीदार च्यूबाका हानच्या धाकट्या मुलाला त्यांच्या फाल्कन या यानात चढवतो आणि स्वतः मागे राहतो, आणि त्याला तिथे सोडून यान उडवण्याचा निर्णय त्या मुलालाच घ्यावा लागतो.

कोण मरणार हे आपण चिठ्ठीत लिहिले नव्हते. सावध केलेत, पण गोष्ट फोडली नाहीत. मी पुस्तक मिटले, ते बरेच दिवस उघडलेच नाही, आणि जेव्हा उशिरा परत आणले तेव्हा आपण तारखेचा शिक्का मारून गप्प राहिलात. समोरचा माणूस कशाने दुखावेल याचा अंदाज घेणारे आणि तो घेतल्याचा गाजावाजा न करणारे लोक आता विरळ झाले आहेत. ग्राहकसेवा या नावाखाली जे चालते त्याचा आणि या वागण्याचा काडीचाही संबंध नाही. आपण हे माझ्यासाठी म्हणूनही केले नव्हते. पुढे कधीतरी जो कोणी ते पुस्तक नेईल त्याच्यासाठी चिठ्ठी ठेवून दिली होती. ती होती तिथेच मी पुन्हा ठेवली आहे.

आता त्या पुस्तकांविषयी, कारण परत करताना आपण "मग कसं वाटलं?" असे विचारले होतेत आणि मला नीट उत्तर देता आले नव्हते. च्यूबाकाला मारल्याचा राग मला आहे, आणि तो मेल्यावर हान ज्या रीतीने खचतो आणि स्वतःच्याच मुलाकडे पाहीनासा होतो, ते तीन जुन्या चित्रपटांत मिळाले नाही इतके खरे वाटले, हेही आहे. 2015च्या चित्रपटात च्यूबाका धडधाकट उभा होता. ज्या घोषणेने मारा जेडला पुसून टाकले, तिनेच त्याला परत आणले होते. आनंदाने डोळे भरून आले, तोवर पडद्यावरच्या हानला पडद्यावरच्याच मुलाने मारले. कादंबरीत मित्र जातो आणि चित्रपटात हानच जातो. यातले कोणते खरे मानायचे हे कंपनीने ठरवले असले तरी मला दोन्ही वेळा वाईट वाटले आहे आणि ते काही मागे घेता येत नाही.

नवीन काही मागवू का, असेही आपण विचारलेत. थ्रॉन 2016 साली दूरचित्रवाणीवरच्या मालिकेतून अधिकृतपणे परतला आणि पुढच्याच वर्षी झान यांनी त्याच्यावर नवी कादंबरी लिहिली. ती अवश्य मागवावी. 2006 ते 2008 या काळातली नऊ खंडांची माला मात्र नको. तिच्यात लेयाच्या जुळ्यांपैकी मुलगाच मारा जेडचा जीव घेतो, एवढे मला दुसऱ्या कोणीतरी चिठ्ठीबिठ्ठी न ठेवता सांगून टाकले आहे. मागवलीतच तर मला कळू देऊ नका. मला मोह आवरणार नाही, आणि त्या नऊ खंडांपायी आपल्याला दंडाची पद्धतच बंद करावी लागेल.

आपला नम्र,
एक सभासद