देवलापारचा दगड वाचवा

संपादक महोदय, स. न. वि. वि.

'महाराष्ट्राचा दगड म्हणजे काळा पाषाण' असं आपल्या पुरवणीत वाचलं आणि लिहायला बसलो. राज्याचा बहुतेक भाग बेसॉल्टने, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या खडकाने झाकलाय, हे खरं. पण तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. आमच्या रामटेक तालुक्यातला संगमरवर, अभ्रकाचा चमचमणारा शिस्ट (पापुद्र्यांचा खडक) आणि मनसरचं मँगनीज त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

माझी ३१ वर्षांची नोकरी भूवैज्ञानिक नकाशे करण्यात गेली. टोपोशीट, म्हणजे उंचसखल दाखवणारा सरकारी नकाशा घेऊन नाल्यानाल्यातून चालायचं, उघडा खडक दिसला की होकायंत्र टेकवून थराची दिशा आणि उतार वहीत लिहायचा, पुढे निघायचं. मधला खडक मातीखाली असतो. त्याची रेघ या नोंदींच्याच भरवशावर ओढायची. म्हणून असा एकेक उघडा खडक मोलाचा.

आमच्याच तालुक्यातल्या देवलापारच्या खडकांवर भूवैज्ञानिक डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ मध्ये लिहिलं. इथले थर नुसते दुमडलेले नाहीत, ते मूळ जागेवरून सरकून दुसऱ्या थरांवर चढलेत, हे त्यांनी गावोगाव फिरून केलेल्या नकाशावरून मांडलं. तेव्हा ना उपग्रह होते, ना संगणक! भारताचा उत्तरेचा आणि दक्षिणेचा भूखंड इथे एकमेकांवर रेटले गेले, त्या दाबाच्या या खुणा. शंभर कोटी वर्षांच्या आसपासच्या.

यातली एक खूण मी दरवर्षी नव्या मुलांना दाखवायचो. नाल्यातला संगमरवर पाण्याने झिजतो, पण त्यातल्या कठीण पट्ट्या वर उरतात. तिथे तळहाताएवढी एक वळी, म्हणजे थराची घडी होती; डोळे मिटून बोट फिरवलं तरी थर कुठून कुठे वळला ते कळायचं. या हिवाळ्यात गेलो, तर बंधाऱ्याच्या कामात तो खडक सुरुंग लावून फोडलेला. फार वाईट वाटलं. काम करणाऱ्यांना मी दोष देत नाही. तिथे काय आहे हे सांगणारी साधी पाटीही नव्हती.

लोणारला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान आहे. इथल्या निदान चार-पाच जागांची ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंद व्हावी, पाटी लागावी, आणि नाल्यात काम काढण्याआधी कुणीतरी जाणकाराने येऊन पाहावं. त्याच नाल्यात वरच्या अंगाला एक वळी अजून शाबूत आहे. शाळांनी मुलं आणावीत, दाखवायला मी येईन.

– एक निवृत्त भूवैज्ञानिक, रामटेक