बरहुकूम नक्कल, पण कोणत्या आवृत्तीची?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

व्हिडिओ गेमविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुधा मुलांच्या सवयींच्या किंवा विक्रीच्या आकड्यांच्या अनुषंगाने. तो खेळ म्हणून कसा रचला आहे, याची चर्चा क्वचितच होते. निन्टेंडो स्विच या खेळयंत्रावरचा ‘पोकेमॉन ब्रिलियंट डायमंड’ मी नुकताच खेळायला घेतला असून त्याबद्दलचे पहिले मत आपल्या वाचकांपुढे मांडण्याची इच्छा आहे. जुनी कृती नव्याने घडवताना काय जपावे आणि काय सोडून द्यावे, हा प्रश्न हा खेळ हातात घेतल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

मूळ ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ ही जोडी २००६ साली जपानमध्ये निन्टेंडो डीएस या जुन्या खेळयंत्रावर आली. जपानच्या होक्काइडो बेटावर बेतलेला सिनो हा प्रदेश, त्याला मधोमध दुभंगणारा कोरोनेट पर्वत, उत्तरेकडचा बर्फ आणि या सगळ्यांतून वाट काढत, पोकेमॉन पकडत, आठ जिम लीडरना, म्हणजे गावोगावच्या आखाड्यांच्या प्रमुखांना, हरवत लीग या अखेरच्या स्पर्धेपर्यंत पोहोचायचे, असे त्या खेळाचे स्वरूप होते. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याची नवी रूपे, ‘ब्रिलियंट डायमंड’ आणि ‘शायनिंग पर्ल’, बाजारात आली. ती मूळ खेळ घडवणाऱ्या गेम फ्रीकने नव्हे, तर आयएलसीए या कंपनीने तयार केली. मूळ खेळांचे दिग्दर्शक जुनिची मासुदा मात्र युइची उएदा यांच्यासह दिग्दर्शनात होते.

पहिल्या तासाभरात मन प्रसन्न झाले, हे आधी सांगितले पाहिजे. रस्त्यावर चालणारी माणसे बुटकी, मोठ्या डोक्याची आहेत आणि लढत सुरू होताच तीच माणसे पूर्ण उंचीची होऊन समोर उभी राहतात. अनेकांना हा बदल खटकला. मला तो आवडला, कारण जुन्या खेळातल्या छोट्या आकृत्यांचे प्रमाण त्यात राखले गेले आहे. व्हेरिटी सरोवराकाठी पेटी उघडून टर्टविग, चिमचार आणि पिपलप यांतला एक पहिला पोकेमॉन म्हणून निवडण्याचा प्रसंग जसाच्या तसा आहे. वाटा, घरे, झुडपे, एवढेच नव्हे तर वाटेवर उभे असलेले प्रतिस्पर्धीही जुन्याच जागी आहेत. सगळा नकाशा पूर्वीसारखा चौकटींवरच आखलेला असल्यामुळे स्टिकने मोकळेपणी चालू लागले की पात्र कोपऱ्यांना अडते. हा दोष किरकोळ असला, तरी जुन्या सांगाड्यावर नवे कातडे चढवले आहे हे त्यातून लगेच लक्षात येते.

एका बदलाचे मात्र मनापासून कौतुक करावेसे वाटते. मूळ खेळात वाटेतले झाड कापायला किंवा पाण्यावरून जायला आपल्याच संघातल्या पोकेमॉनला ती विद्या शिकवावी लागे. प्रत्येक पोकेमॉनला असलेल्या चार चालींच्या मर्यादेत त्यापायी एक जागा अडून राहत असे आणि एकदा शिकवलेली ती विद्या सहजासहजी विसरवताही येत नसे. म्हणून बहुतेक खेळाडू संघात बिबॅरेल हा पोकेमॉन निव्वळ हमाल म्हणून बाळगत. आता झाडासमोर उभे राहून मनगटावरचे पोकेच हे घड्याळ उघडले की कुठूनसा एक जंगली बिडूफ, म्हणजे बिबॅरेलचेच लहान रूप, येतो, झाड कापतो आणि निघून जातो. ज्या प्राण्याला खेळाडूंनी वर्षानुवर्षे राबवून घेतले त्याच्याकडेच हे काम ठेवून खेळाडूची अडचण दूर करणे, यात जुन्या खेळाची जाण दिसते. नव्या आवृत्तीत सुधारणा करावी तर अशी.

माझा आक्षेप सुरू होतो तो याच्या पुढे. ‘एक्स्पीरियन्स शेअर’ ही मूळ खेळात एका पोकेमॉनच्या हाती द्यायची वस्तू होती. लढत न खेळताही, पोकेमॉनचे बळ वाढवणाऱ्या अनुभवाचा वाटा कोणाला द्यायचा, हे खेळाडूला ठरवावे लागे. येथे ती सोय पहिल्यापासून संपूर्ण संघाला लागू आहे आणि ती बंद करता येत नाही. परिणामी वाटेवरच्या सगळ्यांशी लढत गेले की जिमच्या दारात पोहोचेपर्यंत आपला संघ लीडरच्या पुढे निघून गेलेला असतो. भर म्हणून, जीव लावलेला पोकेमॉन घातक वार झाल्यावरही केवळ आपल्या प्रेमाखातर जीवनशक्तीच्या एका गुणावर तग धरतो. हे एखाद्या वेळी हृद्य वाटते, पण वारंवार होऊ लागले की जिंकण्यातले आपले कर्तृत्व किती, असा प्रश्न पडतो. २०१४ सालच्या ‘ओमेगा रुबी’ आणि ‘अल्फा सफायर’ या आधीच्या पुनर्निर्मितीत हीच सोय हवी तेव्हा बंद करता येत होती. नकाशातले एक झुडूपही हलू न देणाऱ्यांनी खेळाचा कस मात्र सैल करावा, हे मला पटत नाही.

याहून मोठी गोष्ट ‘प्लॅटिनम’ची. २००८ साली कर्त्यांनी स्वतःच ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ची सुधारित आवृत्ती काढली होती. तिच्यात खेळाचा संथपणा कमी केला, सिनोच्या पोकेडेक्समधली, म्हणजे पोकेमॉनच्या यादीतली, १५१ ही संख्या २१० वर नेली, गिराटिना या पोकेमॉनचे उलटसुलट जग कथानकात आणले आणि बॅटल फ्रंटियर हे लढतींचे मोठे संकुल उभारले. ती आवृत्ती म्हणजे कर्त्यांनी आपल्याच ग्रंथाला जोडलेले शुद्धिपत्र होते. नव्या खेळाने ते बाजूला ठेवून पहिली आवृत्ती चुकांसकट पुन्हा छापली आहे.

पोकेमॉनच्या अग्नी प्रकाराचे उदाहरण घेऊ. मूळ खेळात मुख्य कथानक संपेपर्यंत चिमचार आणि पोनिटा यांच्या कुळांपलीकडे या प्रकारातले पोकेमॉन जवळजवळ मिळतच नसत. त्याची शिक्षा लीगमधल्या फ्लिंट या प्रतिस्पर्ध्याला झाली. हा अग्नी प्रकाराचा उस्ताद, पण त्याच्या पाचांच्या संघात रॅपिडॅश आणि इन्फरनेप एवढेच दोन अग्नी प्रकारातले, बाकी जागा स्टीलिक्स, लोपनी आणि ड्रिफब्लिम यांनी भरलेल्या. ‘प्लॅटिनम’मध्ये त्याला हाउंडूम, फ्लेरियॉन आणि मॅगमॉर्टार मिळाले व त्याची उस्तादी शोभू लागली. मी अजून लीगपर्यंत पोहोचलेलो नाही, परंतु नव्या खेळातले संघ प्रसिद्ध झालेले असून त्यांत फ्लिंटच्या पहिल्या लढतीत पुन्हा तेच स्टीलिक्स, लोपनी आणि ड्रिफब्लिम आहेत. पूर्वी ती मर्यादा होती. आता जमिनीखालच्या भुयारात अग्नी प्रकारातले इतर पोकेमॉन मिळत असताना ती का ठेवावी, याचे उत्तर मला सापडत नाही. यापूर्वी ‘हार्टगोल्ड’ आणि ‘सोलसिल्व्हर’ या पुनर्निर्मिती घडवताना ‘क्रिस्टल’ या सुधारित आवृत्तीतली सुइक्यून या पोकेमॉनची कथा सामावून घेतली होती. म्हणजे सुधारित आवृत्तीकडे पाहण्याची रीत या मालिकेला नवी नाही.

भुयाराबद्दल दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण माझा बहुतेक वेळ तेथेच जात आहे. इटर्ना शहरात साहित्य मिळाले की जमिनीखाली उतरता येते. जुन्या खेळातही भिंती खोदून जीवाश्म काढता येत. आता तेथे जागोजागी मोठ्या गुहा आहेत आणि त्यांत पोकेमॉन आपल्या डोळ्यांसमोर हिंडतात. गवतात पाय टाकून नशिबावर हवाला ठेवण्याऐवजी दुरून पाहून, बेत करून जवळ जाता येते. भिंतीतून मिळालेले पुतळे आपल्या गुप्त तळावर मांडले की कोणत्या प्रकारचे पोकेमॉन अधिक दिसतील, यावरही परिणाम होतो. येथले पोकेमॉन बळकट असतात, संघाची परीक्षा घेतात. वरच्या जगात हरवलेला कस मला जमिनीखाली सापडला. सापळे लावणे आणि मित्रांचे झेंडे पळवणे हे जुने प्रकार वगळले, याचे वाईट वाटते. तरीही नव्याने विचार करण्याची मोकळीक कर्त्यांनी घेतली तेथे काय होऊ शकते, याचा हा भाग पुरावा आहे.

ज्यांनी सिनो कधीच पाहिलेला नाही त्यांनी हा खेळ जरूर घ्यावा. ज्यांच्याकडे ‘प्लॅटिनम’ची जुनी कार्ट्रिज आहे त्यांनी ती जपून ठेवावी.

मालिकेच्या क्रमाने पाहता यानंतर २०१० सालच्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’च्या पुनर्निर्मितीची अपेक्षा चाहते करणारच. त्या खेळांच्या २०१२ सालच्या पुढच्या भागांत सोपी आणि कठीण पातळी निवडण्याची सोय होती, पण ‘ब्लॅक २’मधली कठीण पातळी खेळ एकदा पूर्ण केल्यावरच खुली होत असे. ही निवड पहिल्याच पडद्यावर, प्रत्येक खेळाडूला मिळावी, एवढी मागणी चाहत्यांनी आतापासून लावून धरावी आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी खेळांची परीक्षणे छापताना तिची दखल घ्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक