पिंपातले नऊ महिने

शहादा,
जानेवारी

प्रिय वसंता,

कसा शे रे भो? परवा फोनवर तू विचारलंस, "पोरीला भेटायला एवढ्या लांब गेलास आणि बघून काय आलास, तर दारूचा कारखाना?" तुझ्या शेजारी वहिनी बसल्या होत्या म्हणून तेव्हा आवरतं घेतलं. आता सविस्तर ऐक.

माझं अर्धं आयुष्य साखर कारखान्याच्या आसवनीत गेलं, हे तुला ठाऊक आहे. मळी आंबवायची, उंच कॉलममधून रात्रंदिवस स्पिरिट काढायचं, जवळजवळ पंच्याण्णव टक्के शुद्ध. त्याला ना वास, ना चव, ना गाव. आपल्याकडे स्वस्तातली जी 'व्हिस्की' मिळते, तिचा मोठा भाग या मळीच्या स्पिरिटचाच असतो. त्यामुळे पोरगी म्हणाली, "बाबा, कॅसल बघायचा की डिस्टिलरी?" तेव्हा मी फार विचार केला नाही.

स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनहून रेल्वेनं कीथ आणि तिथून पुढे डफटाउन. गाव आपल्या तळोद्याएवढंही नाही, पण व्हिस्कीच्या आसवन्या, म्हणजे डिस्टिलऱ्या, अर्धा डझन. त्यातली बॅल्व्हेनी आम्ही पाहिली. विल्यम ग्रँट नावाच्या माणसानं ती १८९२ साली उभारायला घेतली. शिंप्याचा मुलगा हा. गावातल्याच मॉर्टलॅक आसवनीत वीस वर्षं नोकरी केली, मग घरच्या पोरांना हाताशी धरून ग्लेनफिडिक बांधली. तिची पहिली धार १८८७ च्या नाताळला पडली. बॅल्व्हेनी ही तिच्या शेजारची दुसरी. तिच्यासाठी भांडीसुद्धा दुसऱ्या आसवन्यांतून जुनी घेतली होती! आज पाचवी पिढी मालक आहे. सहकारात तीन निवडणुका सलग एका पॅनेलला टिकवता येत नाहीत, म्हणून मला याचं जरा जास्तच कौतुक वाटलं असेल.

जव भिजवून फरशीवर पसरतात, माणसं लाकडी फावड्यांनी ते उलथत राहतात आणि मोड आले की भट्टीत वाळवतात. बहुतेक आसवन्यांनी हा उद्योग कधीच सोडला. इथेही सगळी गरज त्यावर भागत नाही, बराच माल बाहेरून येतो. पण आवारात स्वतःचा तांबट आहे, पिंपं बांधणारे आहेत. तांब्याचे प्रचंड हंडे, वर बगळ्यासारखी वाकलेली मान. एक घाण संपला की दुसरा, आणि प्रत्येकाचं दोनदा ऊर्ध्वपातन. आमच्या कॉलमसारखं अखंड नाही. आणि गंमत ऐक: आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात, तिथे पहिली धार घेतच नाहीत. ती आणि शेवटची, दोन्ही बाजूला काढून पुढच्या घाणात टाकतात. मधली तेवढी ठेवायची. ही धार पितळ आणि काचेच्या पेटीतून वाहते आणि पूर्वी त्या पेटीचं कुलूप अबकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात असायचं. आमच्या कारखान्यातला इन्स्पेक्टर आठवला, हसू आलं.

आता मुख्य गोष्ट, पिंपं. बॅल्व्हेनीची बारा वर्षांची 'डबलवुड' व्हिस्की मी तिथे चाखली. आधी ती बर्बनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मक्याच्या व्हिस्कीच्या, जुन्या पिंपांत राहते. अमेरिकेत बर्बनसाठी आतून जाळलेलं नवंच ओकचं पिंप वापरावं लागतं, कायदाच तसा आहे. मग वापरलेल्या पिंपांचं करायचं काय? ती स्कॉटलंडला विकली जातात. त्यात वर्षानुवर्षं मुरल्यावर शेवटचे नऊ महिने ती ओलोरोसो शेरीच्या, म्हणजे स्पेनच्या एका कडक वाइनच्या, पिंपात जाते. मग सगळ्या पिंपांतला माल मोठ्या लाकडी टाकीत काही महिने एकत्र ठेवतात. जिभेवर आधी मध, मग मनुका, मागे जायफळ. ही दोन लाकडांची रीत डेव्हिड स्ट्युअर्टनं बसवली. सतराव्या वर्षी, १९६२ साली, तो तिथे साठ्याचा कारकून म्हणून लागला; १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं हे प्रयोग केले आणि डबलवुड १९९३ साली बाजारात आली. साठ वर्षं एकाच घरी नोकरी!

पण बाटलीवर, जाहिरातीत, गप्पांत सगळा मान त्या नऊ महिन्यांनाच मिळतो, हे मला खटकलं. खरं काम त्या आधीच्या जुन्या, थकल्या पिंपानं गुपचूप केलेलं असतं. आणि शेरीचं पिंपही आता पूर्वीचं नाही. एके काळी शेरी पिंपातूनच ब्रिटनला यायची, रिकामं पिंप आपोआप हाताशी यायचं. पुढे शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरायची असं ठरलं. आता बहुतेक पिंपं व्हिस्कीसाठी म्हणूनच शेरी भरून, मुरवून घेतात. म्हणजे परंपराही ऑर्डर देऊन बनवतात, बरं का.

वखारीत थंडगार. तिथे वर्षाला साधारण दोन टक्के माल हवेत उडतो. बंगळूरला अमृत या आपल्या व्हिस्की कंपनीच्या वखारीत दहा-बारा टक्के. बारा वर्षं ठेवलं तर पिंपात पाव भागच उरायचा. आपल्या जळगावात मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत काय होईल, हिशेब तूच कर. म्हणून अमृतवाले थोड्या वर्षांत बाटली भरतात, आणि त्यात लाज काही नाही. ही कंपनीही एका घराण्याची, जगदाळ्यांची, १९४८ ची. २००४ साली त्यांनी आपली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच आसवनीतली निव्वळ मोड आलेल्या जवाची व्हिस्की, थेट स्कॉटलंडच्या ग्लासगोत नेऊन विकायला काढली. त्यांची एक शेरीवाली तर आधी बर्बनच्या पिंपात, मग शेरीच्या आणि परत बर्बनच्या, अशी फिरून येते.

परतताना मात्र डोक्यात आपल्या सातपुड्यातलं धडगाव होतं. डोंगरातले पावरे, भिल्ल मार्च-एप्रिलात पहाटे मोह वेचतात, वाळवतात, भिजवतात, मडक्यावर मडकं चढवून धार काढतात. देवाला, लग्नाला, मयताला ती लागतेच. ही रीत ग्रँटच्या आजोबाहून जुनी. स्कॉटलंडच्या त्या दऱ्याही चोरट्या भट्ट्यांनी भरलेल्या होत्या. १८२३ साली कायदा बदलला, दहा पौंडांत परवाना मिळू लागला, कर उतरला. तिथल्याच ग्लेनलिव्हेट खोऱ्यातल्या जॉर्ज स्मिथनं पुढच्याच वर्षी परवाना काढला, तर शेजारचे चोरटे भट्टीवाले जिवावर उठले. तो कमरेला पिस्तुलं लावून फिरायचा. आज त्याचं नाव बाटलीवर आहे. आपल्याकडे १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं घरच्या भट्टीवर टाच आणली. त्यांची भट्टी वारसा झाली, आपली 'हातभट्टी'. मोह फार भारी आणि स्कॉच उगाच, असं मी म्हणत नाही. वाईट गाळलेली मोहाची मी प्यायलो आहे, दोन दिवस डोकं धरून होतो. पण चांगली करायला मुभा, वेळ आणि जबाबदार अधिकारी लागतो. नर्मदेपल्याड मध्य प्रदेशानं अलीकडे मोहाला 'हेरिटेज' म्हणून परवानगी दिली आहे आणि अलिराजपूरला ती रीतसर बनतेही. आपल्या बाजूचे डोंगर तेच, झाडं तीच.

एक बाटली आणली आहे, सील फोडलेलं नाही. भरिताची वांगी अजून महिनाभर चांगली मिळतील, शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजू. कळण्याची भाकरी घरून येईल. तुझा परवाना संपला असेल तर नवा काढून ठेव, माझा आहे. पाणी थोडंसं चालेल. सोडा मागितलास तर तुला वेगळी बाटली देईन, आमच्या मळीवाली.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अरुण