एकही ४०३ आला नाही

भांडुप, रविवार रात्र

प्रिय पक्या,

दिवाळीपासून तुला फोन नाही, मेसेज नाही. रागावला असशील, रागाव. आईचा गुडघा आहे तसाच, मी बरा. पण हे तुलाच सांगायचंय.

आपली ॲप्स चालवणाऱ्या टॉमकॅट सर्व्हरपुढे मागच्या आठवड्यात मी एनजिनएक्स बसवलं, त्याच मशीनवर; म्हणजे बाहेरची प्रत्येक विनंती आधी या प्रॉक्सीकडे येते आणि तो ती टॉमकॅटला देतो. सगळं सुरळीत, कुणाची तक्रार नाही. तिथेच घात झाला. टॉमकॅटवर ॲप्स चढवायचं-उतरवायचं ते मॅनेजरचं पान, त्याच्या कॉन्टेक्स्ट फाइलमधली, कुठल्या आयपी पत्त्यांना आत सोडायचं ती यादी आठवते? ऑफिसचा पत्ता आपण घातलेला, १२७ मुळातलाच. तू म्हणत होतास, तो १२७ काढ. मी म्हणालो, मशीनचा स्वतःचा पत्ता, त्याची कसली भीती? दोन दिवस अबोला धरला होतास. आता मध्ये एनजिनएक्स आल्यावर टॉमकॅटला जो येईल तो १२७.०.०.१ दिसायला लागला. दार सताड उघडं! एकाला जरी चुकून ४०३, म्हणजे ‘आत यायला मनाई’, आला असता तर त्याच दिवशी कळलं असतं रे. नऊ दिवस गेले.

काल शेवटची गाडी जाईपर्यंत बसलो. टॉमकॅटमध्ये होस्टखाली येणाऱ्याचा खरा पत्ता ओळखणारा रिमोट आयपी व्हॉल्व्ह टाकला, एनजिनएक्सला विनंतीसोबत जाणाऱ्या फॉरवर्डेड-फॉर हेडरमध्ये खरा पत्ता शेवटी जोडायला लावलं. व्हॉल्व्ह ते हेडर आपल्या प्रॉक्सीकडून आलं तरच मानतो आणि उजवीकडून वाचतो, म्हणून कुणी आधीच खोटा पत्ता लिहून पाठवला तरी चालत नाही. मोबाइल डेटावरून पान उघडलं, ४०३. डोळ्यांत पाणी आलं.

मग लॉग, म्हणजे कोण आलं-गेलं त्याची नोंद. टॉमकॅटच्या लॉगमध्ये नऊ दिवस नुसता १२७, खरे पत्ते एनजिनएक्सकडे. अनोळखी लोक येऊन ४०१, म्हणजे ‘आधी बरोबर पासवर्ड दे’, घेऊन परत गेलेले. तुझ्या त्या मारुतीच्या शेपटीएवढ्या पासवर्डने वाचवलं, पक्या. एक ओळ सोडून. मंगळवारी रात्री २३:४१, थेट २००, म्हणजे आत प्रवेश. पत्ता मोबाइल कंपनीचा, आणि तिथे एका पत्त्यामागे हजारो लोक असतात. आपला नितीन असेल? त्याला आठवत नाही. ॲप्सच्या वेबॲप्स फोल्डरमध्ये नवीन काही पडलेलं नाही, पासवर्ड बदलले, १२७ काढला. तरी झोप नाही. उद्या सकाळी साहेबांना सगळं सांगणार आहे.

पुण्याच्या घराचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार, चिमीला पापा.

ती मंगळवारची ओळ आणि तिच्या आगेमागेच्या वीस ओळी सोबत जोडतोय. रात्री कितीही वाजता बघितलंस तरी फोन कर.

तुझा,
सुऱ्या