विश्वावरच्या पुस्तकांत ‘कशावरून?’ला जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या साप्ताहिक पुरवणीत खगोलशास्त्र आणि विश्वरचनाशास्त्र यांवरील लोकप्रिय पुस्तकांची परीक्षणे आवर्जून छापली जातात, त्याबद्दल प्रथम आपले आभार. हे विषय अनेक वर्षे आवडीने वाचत आल्यामुळे या पुस्तकांविषयी एक गोष्ट आपल्या वाचकांपुढे मांडावीशी वाटते. विश्वाविषयी काय माहीत आहे, हे या पुस्तकांत भरभरून सांगितलेले असते. ते कशावरून माहीत झाले, हे मात्र फार थोड्या पुस्तकांत सापडते. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे आहे, देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा हा ताऱ्यांचा प्रचंड समूह) २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे, विश्वात आपल्या ओळखीच्या पदार्थाचा वाटा जेमतेम ५ टक्के आहे, अशी विधाने एकामागून एक येतात आणि वाचक थक्क होतो. पण यातल्या एखाद्या आकड्याबद्दल कोणी त्याला ‘हे कशावरून?’ असे विचारले, तर पुस्तकात लिहिले आहे, यापलीकडे त्याला काही सांगता येत नाही. ज्या शब्दप्रामाण्यातून विज्ञानाने माणसाला बाहेर काढले, तेच अशाने विज्ञानाच्या पुस्तकातून मागच्या दाराने आत येते.

नेमके काय गाळले जाते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डच्या वेधशाळेत हेन्रिएटा स्वॉन लेव्हिट या काचेवरील छायाचित्रे तपासून ताऱ्यांच्या तेजस्वितेची नोंद करीत असत. या काचा उलट्या छटांच्या असत. आकाश पांढुरके आणि तारे म्हणजे काळे ठिपके. वेगवेगळ्या रात्री घेतलेल्या काचांवर एकाच ताऱ्याचा ठिपका कधी मोठा तर कधी लहान दिसला, की तो रूपविकारी तारा ठरे. पेरू देशातील आरेकिपा येथून घेतलेल्या छायाचित्रांत लहान मॅगेलनी मेघ या छोट्या शेजारी दीर्घिकेतील असे पुष्कळ तारे त्यांना सापडले. त्यांपैकी ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणाऱ्या २५ सेफीड ताऱ्यांचे आवर्तकाल (तेजाच्या एका फेऱ्याला लागणारा वेळ) त्यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केले. सर्वांत लहान आवर्तकाल सव्वा दिवसाचा आणि सर्वांत मोठा १२७ दिवसांचा होता. जो तारा अधिक तेजस्वी, त्याचा आवर्तकाल अधिक, असा स्वच्छ नियम त्यातून दिसला.

बहुतेक पुस्तके लेव्हिट यांचा उल्लेख करतात, क्वचित त्यांच्या उपेक्षेबद्दल एखादा परिच्छेदही लिहितात आणि पुढे जातात. खरी गोम मात्र त्या मेघात आहे. आकाशात एरवी एखादा तारा मंद दिसला, तर तो मुळात मंद आहे की केवळ दूर असल्यामुळे तसा दिसतो, हे समजायला मार्ग नसतो. मेघातले सगळे तारे मात्र आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. त्यामुळे तेथे जो अधिक तेजस्वी दिसतो, तो खरोखरच अधिक तेजस्वी असतो. दिसणे आणि असणे यांतला घोटाळा अशा रीतीने एका फटक्यात दूर झाला, आणि केवळ आवर्तकाल मोजून ताऱ्याची खरी तेजस्विता ठरवण्याची वाट मोकळी झाली. ही युक्ती कळली की वाचकाला जो आनंद होतो, तो कोट्यवधी आणि अब्जावधींच्या आकड्यांनी होत नाही. ती समजावून सांगायला पाऊण पान पुरते. तरीही ते पाऊण पान बहुतेक पुस्तकांत नसते.

पुढची पायरी एडविन हबल यांची. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये माउंट विल्सनवरील १०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या देवयानीच्या एका काचेवर त्यांनी नवताऱ्याची (एकाएकी उजळणाऱ्या ताऱ्याची) खूण म्हणून लिहिलेले अक्षर खोडले आणि तो तारा रूपविकारी असल्याची नोंद उद्गारचिन्हासह केली. त्या एका ताऱ्यामुळे देवयानी ही आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली. हे नाट्य पुस्तकांत रंगवून सांगितलेले असते आणि ते रंगवण्याच्या योग्यतेचे आहेही. पण हबल यांनी काढलेले अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे होते, म्हणजे आजच्या मापाच्या निम्म्याहूनही कमी, हे सांगताना लेखकांचा हात आखडतो. त्याच मोजपट्टीवर बेतलेला १९२९ चा विश्वप्रसरणाचा दर आजच्या मानाने सुमारे सातपट होता आणि त्यावरून विश्वाचे वय सुमारे २ अब्ज वर्षे येत होते. किरणोत्सर्गावरून काढलेले पृथ्वीवरील खडकांचे वय त्याहून अधिक भरत होते! विश्वापेक्षा पृथ्वी जुनी असणे शक्य नाही, तेव्हा कोठेतरी चूक होती हे उघड होते. फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या, विश्वाला आरंभच नाही असे मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांतामागे या अडचणीचाही वाटा होता. अखेरीस वॉल्टर बाडे यांनी सेफीड ताऱ्यांचे दोन निराळे प्रकार आहेत हे दाखवून दिले, आणि १९५२ मध्ये दीर्घिकांची अंतरे एकदम दुप्पट झाली.

चुकलेल्या आकड्याची ही कथा लपवण्यासारखी मुळीच नाही. मोजमाप चुकते, दुसऱ्या शास्त्राच्या मोजमापाशी ते भिडते आणि त्या खडाखडीतून दुरुस्त होते, हे वाचकाला येथे डोळ्यांसमोर दिसते. ज्याने ही कथा वाचली आहे, त्याला आजचा वादही आपोआप समजतो. विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या नोंदींवरून प्रसरणाचा दर, दर मेगापार्सेक अंतराला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला सुमारे ६७ किलोमीटर येतो, तर सेफीड तारे आणि अतिनवतारे (स्फोट पावणारे तारे) यांच्या साहाय्याने तो सुमारे ७३ येतो. वेब या अवकाश दुर्बिणीने सेफीडांची मापे पुन्हा पडताळून पाहिली, तरी ही तफावत मिटली नाही. वृत्तपत्रांतून अधूनमधून ‘विश्वशास्त्र संकटात’ अशा मथळ्यांखाली हे झळकते, तेव्हा ज्या वाचकाला मोजपट्टीची पार्श्वभूमी ठाऊक नाही, तो एक तर घाबरतो किंवा शास्त्रज्ञांना काहीच कळत नाही असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

किस्से आणि पुरावा यांचे प्रमाण कसे बिघडते, याचे दुसरे उदाहरण आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या पार्श्वभूमी प्रारणाचे आहे. आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी न्यू जर्सीतील होल्मडेल येथे १९६४-६५ मध्ये शिंगाच्या आकाराच्या ॲंटेनावर एक न हटणारी खरखर टिपली आणि आतल्या कबुतरांची विष्ठा साफ केल्यावरही ती गेली नाही, ही हकिकत मी वाचलेल्या जवळपास प्रत्येक पुस्तकात आहे. कबुतरांना माझी हरकत नाही. पण ती खरखर विश्वाच्या उष्ण बाल्यावस्थेतून आली, हे केवळ तिच्या चिकाटीवरून सिद्ध होत नाही. उष्ण आणि समतोल अवस्थेतील प्रारणाची तीव्रता तरंगलांबीनुसार एका ठरावीक वक्राने बदलते. विश्व खरोखर एके काळी दाट, उष्ण आणि एकजीव होते असेल, तर या प्रारणानेही तोच वक्र पाळायला हवा. १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहाने तो वक्र मोजला. निरीक्षणाचे बिंदू २.७ केल्व्हिनच्या अपेक्षित रेषेवर इतके अचूक बसले, की आलेखात त्रुटीच्या खुणा रेषेच्या जाडीत हरवून गेल्या. ताऱ्यांचा विखुरलेला प्रकाश किंवा धुळीची उष्णता अशी अनेक उगमांची सरमिसळ असती, तर असा वक्र मिळणे जवळजवळ अशक्य होते. महास्फोटाच्या बाजूचा हा एवढा भक्कम पुरावा, आणि पुस्तकात त्याच्या वाट्याला अर्धे वाक्य येते. कबुतरांना मात्र दोन पाने!

प्रकाश न देणाऱ्या, केवळ गुरुत्वाने जाणवणाऱ्या कृष्ण पदार्थाबाबतही तसेच. ‘विश्वाचा बहुतांश भाग गूढ आहे’ एवढेच वाचले, तर ते एखाद्या आध्यात्मिक ग्रंथातले वचन वाटते. सूर्याभोवती बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने फिरतो आणि नेपच्यून अवघ्या साडेपाच किलोमीटरने, कारण अंतर वाढले की सूर्याची ओढ कमी होते. दीर्घिकेतही बाहेरच्या भागांची गती अशीच मंदावायला हवी होती. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानीची गती मोजून १९७० मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा ती तशी मंदावताना दिसली नाही, म्हणजे न दिसणाऱ्या पदार्थाची ओढ तेथे असावी. ही तीन वाक्ये आधी आली, तर गूढाला पाय फुटतात आणि वाचक स्वतः विचार करू लागतो.

चित्रांविषयीही लिहायला हवे, कारण मजकूर विसरला जातो आणि चित्र मनात राहते. महास्फोट दाखवताना काळ्याभोर पोकळीच्या मध्यभागी एक लखलखीत ठिणगी काढण्याची रीत पडून गेली आहे. त्या चित्रात पोकळी आधीपासून आहे, स्फोटाला एक जागा आहे आणि बाहेरून पाहणारा कोणी तरी आहे. सिद्धांतात या तिन्हींपैकी एकही गोष्ट नाही. अवकाश स्वतः प्रसरण पावले आणि ते सर्वत्र पावले. प्रसरणासाठी फुग्याचा दृष्टांत दिला जातो तो चांगला आहे, पण त्याच्या मर्यादा सांगितल्या तरच. फुग्याला आत केंद्र असते आणि बाहेर हवा असते. दृष्टांत फक्त त्याच्या पृष्ठभागाचा आहे. शिवाय फुग्यावर रंगवलेले ठिपके फुग्याबरोबर मोठे होतात, तर गुरुत्वाने बांधलेली दीर्घिका प्रसरणाबरोबर फुगत नाही. दुर्बिणींच्या रंगीत छायाचित्रांखालीही, हे रंग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांसाठी नेमून दिलेले आहेत, अशी एक ओळ सहज देता येते. अशी ओळ दिल्याने चित्राचे सौंदर्य कणभरही उणावत नाही.

यापेक्षा गंभीर तक्रार आहे ती ठाम ज्ञान आणि अंदाज एकाच सुरात सांगण्याची. पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन आणि हेलियम यांचे प्रमाण कसे ठरले, हे आज निरीक्षणांशी ताडून पाहिलेले ज्ञान आहे. फुगवट्याचा सिद्धांत, म्हणजे अगदी आरंभीच्या क्षणी विश्व अतिवेगाने फुगले ही कल्पना, सबळ असला तरी त्याचा निर्णायक पुरावा अद्याप हाती आलेला नाही. अनेक विश्वांची कल्पना तर अजून तपासणीच्या टप्प्यावरही नीटशी पोहोचलेली नाही. पुस्तकात मात्र ही तिन्ही एकाच धाटणीच्या वाक्यांत, सलग पानांवर, सारख्याच खात्रीने येतात. २०१४ च्या मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरील एका दुर्बिणीच्या नोंदींवरून फुगवट्याने उठवलेल्या आरंभीच्या गुरुत्वलहरींचा (अवकाशातील तरंगांचा) माग लागल्याचे जाहीर झाले; पुढच्याच वर्षी प्लँकच्या नोंदींसह एकत्र विश्लेषण केल्यावर तो संकेत आपल्या आकाशगंगेतील धुळीमुळेही येऊ शकतो असे दिसले आणि दावा टिकला नाही. मधल्या काळात ज्यांनी घाईने ग्रंथ पुरे केले, त्यांच्या वाचकांना ही दुरुस्ती कोण सांगणार? ‘येथपर्यंत मोजलेले, येथून पुढे तर्क’ अशी रेघ लेखकाने स्वतः ओढली, तर पुढे काहीही झाले तरी पुस्तक खोटे ठरत नाही.

यावर लेखक आणि प्रकाशक नेहमीचे उत्तर देतात, की पुरावा सांगायचा तर गणित येते आणि गणित आले की वाचक पळतो. हे मला पटत नाही. वर लेव्हिट यांच्या कामाविषयी जे लिहिले, त्याचा उपयोग करून अंतर काढायला एकच नियम लागतो: अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो. एकाच आवर्तकालाच्या दोन ताऱ्यांपैकी एक शंभरपट मंद दिसत असेल, तर तो दहापट दूर आहे. एवढा हिशोब सातवी-आठवीतला मुलगा किंवा मुलगी तोंडी करू शकते. मोजपट्टीची सर्वांत खालची पायरी असलेला पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळच्या ताऱ्याची जागा किंचित सरकलेली दिसणे, तर भूमितीच आहे. फ्रीडरिख बेसेल यांनी १८३८ मध्ये ६१ सिग्नी या ताऱ्याचा एक विकलेच्या (अंशाच्या ३६००व्या भागाच्या) तिसऱ्या हिश्शाहूनही थोडा लहान कोन मोजला आणि ताऱ्याचे विश्वासार्ह अंतर प्रथमच हाती आले. गाया यानाने आपल्या काळात तीच पद्धत एक अब्जाहून अधिक ताऱ्यांपर्यंत नेली. वाचकाला अवघड सूत्रे नकोत हे खरे, पण त्याला तर्कही नको असतो, हे त्याच्या माथी मारलेले मत आहे.

शेवटी पुनर्मुद्रणांविषयी. विश्वप्रसरणाचा वेग वाढतो आहे, हे १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून कळले. त्याआधी लिहिलेली आणि प्रसरण मंदावत असल्याचे सांगणारी पुस्तके आजही नव्या मुखपृष्ठासह, मजकुरात काही न बदलता बाजारात येतात आणि मूळ लेखनाचे वर्ष कोठेतरी बारीक टाइपात दडलेले असते. जुनी पुस्तके छापू नयेत असे माझे म्हणणे नाही. त्यांतील कित्येकांत अंतरमापनाची प्रकरणे आजच्या पुस्तकांपेक्षा सरस आहेत. पण हे ज्ञान कोणत्या वर्षापर्यंतचे आहे, हे आरंभीच ठळकपणे सांगणे आणि चार-सहा पानांचे टिपण जोडून पुढच्या घडामोडी नोंदवणे, एवढे तरी प्रकाशकांनी करायला हवे.

आपल्या पुरवणीकडून एक अपेक्षा आहे. अशा पुस्तकांच्या परीक्षणात भाषा ओघवती आहे, विषय सोपा करून सांगितला आहे, असे शेरे येतात. त्यांबरोबरच लेखकाने पुरावा कितपत दिला आहे, तर्क आणि निरीक्षण वेगळे ठेवले आहे का, चित्रे सिद्धांताशी जुळतात का, शेवटी विषयसूची आहे का आणि मजकूर कोणत्या वर्षीचा आहे, हेही परीक्षकांनी लिहावे. शक्य असेल तेव्हा असे परीक्षण साहित्याच्या समीक्षकाबरोबर खगोलशास्त्राच्या एखाद्या शिक्षकाकडूनही लिहवून घ्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक